नको, नका आणि नसावा : कवितेत सत्ता कुठे दिसते

मराठीत भांडण विकोपाला गेले की माणसे ‘एकेरीवर येतात’. हा वाक्प्रचार खरे तर व्याकरणाचा आहे. आतापर्यंत समोरच्यासाठी वापरलेले आदरार्थी बहुवचन सोडून बोलणारा एकवचनावर उतरतो, ‘तुम्ही काय समजता’चे ‘तू काय समजतोस’ होते, आणि एकही शिवी दिली गेलेली नसली तरी आजूबाजूच्या सगळ्यांना कळते की आता प्रकरण वेगळ्या वळणावर गेले. ‘अरेतुरे करणे’ आणि ‘अहोजाहो करणे’ हे शब्दप्रयोगही याच जाणिवेतून घडले आहेत. माणसामाणसांतली उंच-नीच मोजण्याचे माप भाषेतच बसवलेले असल्यामुळे मराठी कवीला सत्तेविषयी बोलताना ‘सत्ता’ हा शब्द उच्चारण्याची गरज पडत नाही. कोणी कोणाला कशी हाक मारली, क्रियापद कोणत्या रूपात आले, वाक्याचा कर्ता नावानिशी समोर आहे की गाळला आहे, आणि रूपकाचे शब्द कोणत्या व्यवहारातून उचलले आहेत, एवढ्यावर त्याचे काम भागते.

येथे सत्तेचा अर्थ अगदी साधा धरला आहे : दोघांच्या नात्यात कोणाच्या म्हणण्याने पुढची गोष्ट घडते, आणि कोणाला ती घडावी म्हणून विनवावे लागते. अशी नाती कवितेत असंख्य असतात. देव आणि भक्त, सासू आणि सून, उपदेशक आणि राजा, प्रियकर आणि प्रेयसी यांची काही सर्वपरिचित उदाहरणे येथे घेतली आहेत, कारण कानावर बसलेल्या ओळींतले बारकावे आपल्याकडून सर्वात सहज निसटतात.

सुरुवात ‘तू’पासून करावी लागते, कारण हे सर्वनाम फसवे आहे. आपण देवाला तू म्हणतो, आईला तू म्हणतो, तान्ह्या मुलाला आणि जिवलग मित्राला तू म्हणतो. आणि ज्याला कमी लेखायचे त्यालाही तू म्हणतो. एकाच शब्दात जवळीक आणि तुच्छता दोन्ही मावतात. म्हणून कवितेत नुसते ‘तू’ आढळले म्हणजे काही सिद्ध होत नाही. ते कोणाच्या तोंडी आहे, त्याला उलट ‘तू’ म्हणण्याची दुसऱ्याला मुभा आहे का, आणि कवितेच्या ओघात ते कुठे बदलते का, हे पाहिल्यावरच अर्थ हाती लागतो. यातला शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे, आणि तो कसा काम करतो हे चोखामेळ्यांच्या एका अभंगात अतिशय स्पष्ट दिसते.

चोखामेळा हे चौदाव्या शतकातले, मंगळवेढ्याचे, महार जातीचे संत. १३३८ साली मंगळवेढ्यात भिंत कोसळून त्यांचा मृत्यू झाला असे परंपरा सांगते. पंढरपूरच्या मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता. त्यांच्या नावावर असलेल्या या अभंगाची सुरुवात अशी होते : ‘धांव घाली विठू आता चालू नको मंद’. गाथांमध्ये या अभंगाचे पाठभेद आहेत, पण त्याची चाल सगळीकडे सारखी आहे. पहिल्या ओळीत देवाला ‘विठू’ अशी घरगुती हाक आहे, क्रियापद एकेरी आज्ञार्थात आहे, आणि ‘चालू नको मंद’ यात तर जवळजवळ दटावणी आहे. देव आपलाच आहे आणि आपल्या हाकेला धावून येणे त्याचे कामच आहे, असे गृहीत धरून ही ओळ बोलते.

लगेच कारण येते : बडवे, म्हणजे देवळाचे पुजारी, मारत आहेत. येथे कर्ता थेट आहे. चोखोबा ‘मला मार बसतो’ असे म्हणू शकले असते. तसे म्हटले असते तर मारणारा वाक्यातून सुटला असता. त्यांनी ‘बडवे’ हा शब्द कर्त्याच्या जागी ठेवला. ज्यांच्या हाती देवळाची किल्ली, त्यांचे नाव असे वाक्यात उघडे ठेवणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हे.

मग अभंगात बडव्यांचा आवाज शिरतो : ‘विठोबाचा हार तुझे कंठी कैसा आला’. पुन्हा एकेरी. चोखोबांनी देवाला म्हटलेले तू आणि बडव्यांनी चोखोबांना म्हटलेले तू अवघ्या दोन-तीन ओळींच्या अंतरावर उभे आहेत. सर्वनाम तेच, पण पहिल्यात हक्काचे प्रेम आहे आणि दुसऱ्यात चोरीचा आळ घेणाऱ्याचा तिरस्कार. एका शब्दाचे हे दोन वापर शेजारी ठेवून अभंगाने देवाशी असलेले नाते आणि देवळाशी असलेले नाते वेगवेगळे करून दाखवले आहे, आणि त्यासाठी समजावणीचे एक अक्षरही खर्च केलेले नाही.

यानंतर जे घडते ते वाचताना सहज निसटते. मार खाणारा भक्त देवाशी बोलतच राहतो, पण आता तो म्हणतो : तुमच्या दारीचा कुत्रा, ‘नका मोकलू’, म्हणजे टाकून देऊ नका. ‘विठू’ची जागा ‘तुमचे’ने घेतली, ‘चालू नको’ची जागा ‘नका’ने घेतली. आणि शेवटी हात जोडून चोखा विनवतो, ‘बोलिला उत्तरी परि राग नसावा’. मी बोललो खरा, पण त्याचा राग नसावा. ‘नको’पासून ‘नका’ आणि ‘नका’पासून ‘नसावा’ अशा तीन पायऱ्यांनी हा आवाज खाली येतो. पहिल्या ओळीतला हक्क शेवटच्या ओळीत क्षमायाचना होतो. मार अंगावर पडतो तेव्हा तो माणसाच्या बोलण्यावरही पडतो, ही गोष्ट कवीने विधान करून सांगितलेली नाही. क्रियापदांच्या रूपांतून ती घडताना दाखवली आहे. काही जण या उतरणीला भक्ताची नम्रता म्हणतील. मला ते पटत नाही, कारण निव्वळ नम्रता असती तर ती पहिल्या ओळीपासूनच असायला हवी होती.

चोखोबांच्याच दुसऱ्या एका प्रसिद्ध अभंगात शब्दनिवडीची वेगळी रीत दिसते. ‘जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार’ असे म्हणून तो पुढे ‘बहु भुकेला जाहलो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो’ असे सांगतो, आणि अखेरीस ‘चोखा म्हणे पाटी । आणिली तुमच्या उष्ट्यासाठी’ येथे थांबतो. जोहार हे महारांनी वरच्या जातीच्या माणसाला करायचे अभिवादन होते. उष्टे मागणे आणि त्यासाठी पाटी नेणे हा गावगाड्यातला रोजचा व्यवहार होता. ‘देवा, मी तुझा दास’ असे म्हणणारे संत पुष्कळ आहेत, पण तो दास शब्द बहुतेकांसाठी रूपक आहे. चोखोबांच्या पाटीत रूपक किती आणि वस्तुस्थिती किती, हे वेगळे करता येत नाही, आणि अभंगाची धार तेथेच आहे.

हे नीट समजण्यासाठी पैठणच्या एकनाथांची भारुडे शेजारी ठेवावीत. सोळाव्या शतकात एकनाथांनीही महाराच्या तोंडी जोहार घालून भारुडे रचली. ब्राह्मण कवीने गावकुसाबाहेरच्या माणसाचा आवाज घेऊन गावाला उपदेश करावा, हे धाडस होतेच, आणि त्याचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण एकनाथांना तो शब्द अंगरख्यासारखा चढवता आणि उतरवता येत होता. चोखोबांना उतरवण्याची सोय नव्हती. शब्द तोच असला तरी बोलणाऱ्याची जागा बदलली की त्यातली सत्ता बदलते, याचे याहून चांगले उदाहरण मराठीत मला माहीत नाही. पुढे विसाव्या शतकात आंबेडकरी चळवळीत ‘जय भीम’ रुजले आणि हा जोहार मागे पडला. दुसरीकडे आदिवासी समाजांत मात्र ‘जोहार’ हे अभिवादन आजही अभिमानाने केले जाते.

जनाबाईंकडे वळले की उलटी गंमत दिसते. गंगाखेडच्या, नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबलेल्या या कवयित्रीची नाममुद्राच ‘नामयाची दासी जनी’ अशी आहे. म्हणजे अभंगाच्या अखेरीस स्वतःचे नाव घालताना मालकाचे नाव आधी येते आणि स्वतःचे सर्वात शेवटी. असे असूनही त्यांच्या नावावरच्या एका अभंगाची सुरुवात होते ती ‘अरे विठ्या विठ्या । मूळ मायेच्या कारट्या’ अशी. नावाला ‘या’ लावून ते मोडणे ही आपल्याकडे गडीमाणसांना हाक मारण्याची रीत होती. जी स्वतः घरातली दासी, तिने जगाच्या मालकाला गड्याच्या हाकेने पुकारले. अभंग संपतो तो ‘उभी राहुनी आंगणी । शिव्या देत दासी जनी’ असा. या ओळीतला एकेक शब्द पाहण्याजोगा आहे. ती घरात नाही, अंगणात आहे; बसलेली नाही, उभी आहे; आणि ‘शिव्या देत’ व ‘दासी’ हे दोन शब्द एकमेकांना खेटून आले आहेत. दासीपण नाकारलेले नाही, लपवलेलेही नाही. ते तसेच ठेवून तिने तोंड उघडले आहे.

जनाबाईंची दुसरी युक्ती म्हणजे सरकारी बंदोबस्ताचे शब्द भक्तीत आणणे. ‘धरिला पंढरीचा चोर । गळां बांधोनियां दोर’ हा अभंग आपण इतक्या गोड चालीत ऐकलेला असतो की त्यात एका कैद्याची हकिगत आहे हे विसरायला होते. चोर, दोर, बंदिखाना, कोंडणे, बेडी, मारा : हे शब्द कोतवालाच्या चावडीतले आहेत. हृदयाचा बंदिखाना केला, त्यात विठ्ठलाला कोंडले, त्याच्या पायात बेडी घातली, ‘सोहं’ शब्दाचा मारा केला, तेव्हा ‘विठ्ठल काकुलती आला’. काकुळतीला येणे हे दुबळ्याचे काम. येथे ते देवाच्या वाट्याला आले आहे. ज्या बाईच्या हाती प्रत्यक्षात जात्याचा खुंटा आणि केराची टोपली होती, तिने भाषेत शिपाई, न्यायाधीश आणि तुरुंगाधिकारी या तिन्ही जागा घेतल्या. शेवटच्या ओळीत ती म्हणते, ‘जीवें न सोडीं मी तुला’. जिवंतपणी सोडणार नाही, हे प्रेमाचे वाक्य आहे आणि पहारेकऱ्याचेही.

आणि जेव्हा तिचा रोख देवाकडून समाजाकडे वळतो, तेव्हा सर्वनामही लगेच बदलते. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी’ या अभंगात ती ‘मनगटावर तेल घाला तुम्ही’ असे लोकांना उद्देशून म्हणते. देव तू, लोक तुम्ही. येथले तुम्ही आदराचे खासच नाही. ते हात झटकून लांब उभे करणारे तुम्ही आहे. ‘आता मज मना कोण करी’ हा प्रश्न विचारताना तिने निवडलेला ‘मना’ हा शब्द हुकुमाच्या भाषेतला आहे, आणि त्याच अभंगात स्वतःला ‘येसवा’, म्हणजे वेश्या, म्हणवून घेऊन तिने लोकांच्या हातचे अखेरचे हत्यारही आपणच उचलून ठेवले आहे. जो शब्द दुसऱ्यांनी फेकून मारायचा, तो स्वतःच आधी उच्चारला की फेकणाऱ्याच्या हाती काही राहत नाही.

आता क्रियापदाच्या रूपांकडे थोडे सावकाश पाहू, कारण मराठीत हुकूम करण्याच्या रीती बऱ्याच आहेत आणि प्रत्येक रीतीत बोलणाऱ्याची व ऐकणाऱ्याची पायरी ठरलेली आहे. ‘कर’ म्हणणारा वरचढ असतो किंवा अगदी जवळचा. ‘करा’ म्हणणारा आदर ठेवून आज्ञा करतो. ‘करावे’ म्हणणारा आज्ञा करतच नाही. तो जणू एक नियम सांगतो आणि तो पाळण्याचे समोरच्यावर सोडतो. ‘होवो’, ‘घडो’ म्हणणारा तर समोरच्याकडे पाहतही नाही, तो इच्छा हवेत सोडून देतो. शाळेत आज्ञार्थ, विध्यर्थ अशी नावे पाठ करताना हे सारे कोरडे वाटते, पण कवितेतली नाती बऱ्याच अंशी याच प्रत्ययांवर उभी असतात.

समर्थ रामदासांच्या नावावर असलेले संभाजीराजांना लिहिलेले पद्यपत्र या दृष्टीने वाचावे. ‘अखंड सावधान असावे । दुश्चित कदापि नसावे । तजविजा करीत बैसावे । एकांत स्थळी’. पुढे ‘शिवरायास आठवावे । जीवित तृणवत मानावे’. या ओळींतली सगळी क्रियापदे ‘वे’ने संपतात. लिहिणारा वयाने वडील, विरक्त आणि दिवंगत छत्रपतींना पूज्य. वाचणारा तरुण, पण राजा. ‘आठव’ म्हटले तर राजाचा अधिक्षेप होतो, आणि ‘आठवा’ म्हटले तरी आज्ञा उरतेच. ‘आठवावे’ या रूपात कर्ता गाळता येतो, आणि तो गाळल्यामुळे उपदेश कानउघाडणी न वाटता राजनीतीचे कलम वाटतो. राजाला चार शब्द सुनवायचे आणि त्याचे राजेपण राखायचे, ही दोन्ही कामे एका प्रत्ययाने केली आहेत.

ताटीच्या अभंगांतला प्रसंग घरातला आहे. लोकांनी केलेल्या अपमानाने खिन्न झालेले ज्ञानेश्वर झोपडीची ताटी लावून आत बसले आणि धाकट्या मुक्ताबाईने बाहेरून त्यांना समजावले, अशी ती कथा. ‘विश्व रागे झाले वन्हि । संते सुखे व्हावे पाणी’ येथे ती नियम सांगणारे रूप वापरते, आणि पालुपदात ‘ताटी उघडा ज्ञानेश्वरा’ असे म्हणते. क्रियापद बहुवचनी, म्हणून थोरल्या भावाचा मान राखला गेला. पण आहे ती आज्ञाच, आणि ती पुन्हा पुन्हा येते. धाकटेपण व्याकरणात सांभाळून मोठेपण आशयात घेणे, ही या अभंगांची गोम आहे. ‘तुम्ही तरुनी विश्व तारा’ म्हणणाऱ्या या मुलीचा जन्म परंपरेनुसार १२७९ सालचा आहे.

मोरोपंतांच्या ‘सुसंगति सदा घडो । सुजनवाक्य कानी पडो’ या ओळींत मागणारा इतका सावध आहे की ‘दे’ हे क्रियापदच तो टाळतो. घडो, पडो, झडो, नावडो. देवापुढे पदर पसरायचा, पण देवाला काही करायला सांगायचे नाही.

तुकाराम असल्या सावधगिरीच्या वाटेला फारसे जात नाहीत. ‘वेदाचा तो अर्थ आम्हासीच ठावा । येरांनी वहावा भार माथां’ या ओळींत रामदासांच्या पत्रातलाच प्रत्यय आहे, पण ‘वहावा’ येथे सौजन्याचा मागमूस नाही. तो निकाल आहे. वेदपठणाचा ज्यांना अधिकार, त्या ‘येरां’ना, म्हणजे इतरांना, तुकोबांनी हमालाचे काम नेमून दिले. स्वतःला कुणबी म्हणवणाऱ्या माणसाने ओझे कोणी वाहायचे ते ठरवले आहे. आणि ‘आम्हासीच’ यातला ‘च’ पाहावा. हा च काढून ओळ म्हणून पाहिली तर ती एका साधकाची नम्र कबुली वाटेल. चमुळे ती मक्तेदारी मोडणारी घोषणा होते. मराठी कवितेत एवढ्या छोट्या अक्षराने एवढे मोठे काम क्वचितच केले असेल.

संतांच्या कवितेत बोलणारा निदान स्वतःच्या नावाने बोलतो. स्त्रियांच्या गाण्यांत, विशेषतः भोंडल्याच्या किंवा हादग्याच्या गाण्यांत, नाव नसते, पण घरातल्या सत्तेचा नकाशा फार तपशिलाने असतो. सून म्हणते, ‘कारल्याची बी पेरली हो सासूबाई, आता तरी धाडा ना’. सासू म्हणते, कारल्याला कोंब येऊ दे गं सुने, ‘मग जा आपुल्या माहेरा’. गावोगावी शब्द थोडे बदलतात, पण सांगाडा हाच राहतो. सुनेच्या वाक्यात ‘हो’ आहे, ‘बाई’ आहे, ‘तरी’ आहे आणि शेवटी विनवणीचा ‘ना’ आहे. सासूच्या वाक्यात ‘गं’ आहे आणि ‘मग’ आहे. खरी सत्ता त्या ‘मग’मध्ये आहे. सासू ‘जाऊ नकोस’ असे एकदाही म्हणत नाही. ती फक्त एकेक अट पुढे ठेवत जाते : बी, कोंब, वेल, फूल, कारले, भाजी. नकार दिला तर त्यावर वाद घालता येतो. ‘मग’वर वाद घालता येत नाही, वाट पाहावी लागते. कार्यालयात अर्ज घेऊन गेलेल्या कोणालाही हे तंत्र ओळखीचे वाटेल.

याच परंपरेतले ‘अस्सं माहेर सुरेख बाई खेळाया मिळतं, अस्सं सासर द्वाड बाई कोंडू कोंडू मारितं’ हे गाणे कर्त्याच्या दृष्टीने तपासावे. मारते कोण? सासू मारते, नणंद मारते की नवरा मारतो, हे गाण्यात नाही. ‘सासर मारितं’. नपुंसकलिंगी, माणूस नसलेला कर्ता. फेर धरून गाणाऱ्या मुलींच्या घोळक्यात सासू कदाचित ओसरीवर बसून ऐकत असेल. तिचे नाव घेण्याची सोय नाही, म्हणून घरालाच कर्ता केले. चोखोबांनी बडव्यांना कर्ता केले ते धाडस होते, या गाण्याने सासरला कर्ता केले ही हिकमत आहे. पहिल्या अर्ध्या ओळीत तर कर्ताच उरत नाही : माहेरी खेळायला ‘मिळतं’. कोणी परवानगी देत नाही, कोणाला विचारावे लागत नाही. ‘मिळतं’ आणि ‘मारितं’ यांच्या यमकात दोन घरांतला फरक आला आहे.

प्रेमकवितेत सत्तेचा खेळ बहुतेकदा लटका असतो, म्हणून तेथे शब्द अधिक तोलून पाहावे लागतात. ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे यांच्या ‘डोळे हे जुलमि गडे, रोखुनि मज पाहु नका’ या ओळीत तीन वेगळ्या थरांचे शब्द एकत्र आले आहेत. ‘जुलमी’ हा राज्यकर्त्याला लावायचा शब्द. ‘गडे’ हा लाडाचा, बरोबरीचा. ‘पाहु नका’ हे आदरार्थी. ज्याच्यावर जुलमाचा आरोप, त्यालाच लाडाने हाक, आणि वर अहोजाहो. पुढे ती कशिदा घालत बसली आहे आणि त्यात चुका होत आहेत असे कळते, तेव्हा ‘पाहू नका’ हा मनाईहुकूम किती मनापासूनचा आहे हे ध्यानात येते. तिने मनाई केली आहे, पण ती स्वतः तेथून उठलेली नाही. शब्दांपुरती सत्ता त्याच्या डोळ्यांना दिली आहे. तो खेळ कोणत्या नियमांनी चालेल हे मात्र ती सांगते आहे. अर्थात हा आवाज एका पुरुष कवीने स्त्रीच्या तोंडी घातलेला आहे, हे विसरून चालणार नाही. नायिकेचे ‘नका’ म्हणजे होकारच, अशी समजूत पसरवण्यात अशा गोड गाण्यांचा काहीच वाटा नाही, असे म्हणता येणार नाही.

त्याच काळात खानदेशात, जळगावजवळच्या असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्याकडचे ‘नको’ अगदी निराळे आहे. तरुण वयात वैधव्य आलेली, निरक्षर, शेतात राबणारी बाई आणि दारी आलेला जोशी, असे हे नाते. जोशाकडे पोथी आहे, पंचांग आहे, भविष्य सांगण्याचा पिढीजात अधिकार आहे. आणि ती त्याला म्हणते :

नको नको रे जोतिषा, नको हात माझा पाहू
माझं दैव माले कये, माझ्या दारी नको येऊ

तांब्यांच्या नायिकेने ‘पाहु नका’ म्हटले, बहिणाबाईंनी ‘नको पाहू’ म्हटले. क्रियापद एक, मनाई एक, पण येथे आदरार्थी रूप नाही, लाडीगोडी नाही, आणि ‘रे’ने ज्योतिषाला गावातल्या कोणत्याही पोराच्या रांगेत बसवले आहे. पहिल्या ओळीत तीनदा नको येते; कोणी आग्रह करत असल्याशिवाय माणूस असे बोलत नाही, म्हणून जोशी कवितेत एक शब्दही न बोलता त्याचा आग्रह आपल्याला ऐकू येतो. ‘माझा’, ‘माझं’, ‘माले’, ‘माझ्या’ : दोन ओळींत हात, दैव, ज्ञान आणि दार या चारही गोष्टींवर तिने मालकी सांगितली. यात ‘माले कये’, म्हणजे ‘मला कळते’, हे सर्वात जड आहे. जाणण्याचा अधिकार ज्याच्याकडे असल्याचे सगळे गाव मानते, त्याच्यासमोर ती आपल्या बोलीत, प्रमाण भाषेची वस्त्रे न चढवता, मला कळते असे म्हणते.

बोली आणि प्रमाण भाषा यांच्यातही सत्तेचे नाते असते, आणि ते कवी व वाचक यांच्यामध्ये येऊन उभे राहते. नामदेव ढसाळ यांचा ‘गोलपीठा’ १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह आला, तेव्हा मुंबईच्या वेश्यावस्तीतले शब्द त्यात जसेच्या तसे होते, आणि पांढरपेशा वाचक प्रथमच मराठी कवितेपुढे अडखळला. एरवी कोशात नसलेला शब्द वापरणारा माणूस अडाणी ठरत असे; येथे तो शब्द ठाऊक नसणारा वाचक अडाणी ठरला.

बहिणाबाईंच्या बाबतीत याची एक पुढची पायरीही आहे. त्यांनी स्वतः काही लिहिले नाही. गाणी जात्यावर, शेतात तोंडाने रचली, आणि ती मुलाने, कवी सोपानदेव चौधरी यांनी, व एका नातलगाने टिपून ठेवली. आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आली. ‘माले कये’चे छपाईत ‘मला कळे’ करण्याचा मोह नंतरच्या कितीतरी पाठांत दिसतो. जनाबाई आणि चोखोबा यांच्या अभंगांचेही तसेच : जे शब्द आपण आज त्यांचे म्हणून वाचतो, ते कोणी तरी लिहून घेतलेले, नक्कल केलेले आणि गाथेत लावलेले आहेत. म्हणून ‘नको’ की ‘नका’, ‘तुझे’ की ‘तुमचे’, ‘विठू’ की ‘विठ्या’ अशा पाठभेदांना किरकोळ समजून पुढे जाता येत नाही. अभंग वाचताना दोन आवृत्त्या शेजारी ठेवाव्यात, आणि लिहून घेणाऱ्याने कोणाचा आवाज मऊ केला व कोणाचा तसाच ठेवला, हे त्या छोट्या शब्दांतून तपासावे.